मेल्यावर माणूस कुणाचा? केनियातल्या ओळखीची गोष्ट

२० डिसेंबर १९८६ रोजी नैरोबीतले नावाजलेले फौजदारी वकील एस. एम. ओटिएनो हृदयविकाराने गेले. त्यांचं दफन झालं २३ मे १९८७ रोजी. मधले १५४ दिवस मृतदेह शवागारात पडून होता आणि त्यांची पत्नी व त्यांची भावकी न्यायालयात एकमेकांसमोर उभी होती. ओटिएनोंना कुठल्या जमिनीत पुरायचं, एवढ्यावरून हा वाद पेटला होता.

पत्नी वाम्बुई म्हणत होत्या की नैरोबीजवळ अप्पर मतासियाला आमची जागा आहे, तिथेच दफन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. भाऊ जोआश ओचिएंग ओउगो आणि त्यांचं उमिरा कागेर कुळ म्हणत होतं की ओटिएनो लुओ समाजाचे, तेव्हा दफन पश्चिमेकडे, सियाया भागातल्या न्यालगुंगा गावी, वाडवडिलांच्या जमिनीतच व्हायला हवं. न्यायालयाबाहेर रोज तुडुंब गर्दी होई. साक्षीपुराव्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांची पानं भरत. दुसऱ्याच्या घरातलं भांडण म्हणून इतके दिवस कुणी हे ऐकलं नसतं. ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यात स्वतःचा प्रश्न दिसत होता. मी कुणाचा? जिच्याबरोबर संसार केला तिचा, की ज्या घराण्यात जन्मलो त्याचा? आणि मी स्वतः काही ठरवून ठेवलं असेल, तर त्याला किंमत किती?

संस्कृती माणसाची मूल्यं आणि ओळख घडवते, हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्यातून काही कळेनासं होतं. केनियात ते कळतं, कारण तिथे हा प्रश्न जमिनीच्या एका तुकड्यावर येऊन थांबतो आणि लोकांना उत्तर द्यावंच लागतं. म्हणून हा सगळा विषय मी दफनाच्या बाजूने समजावून सांगणार आहे.

आधी या देशात कोण राहतं ते पाहू. २०१९ च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या सुमारे ४ कोटी ७५ लाख होती. सगळ्यात मोठा समाज किकुयु, साधारण ८१ लाख. मग लुह्या ६८ लाख, कालेनजिन ६३ लाख, लुओ ५० लाख, कांबा ४६ लाख. शिवाय किसी, मेरू, मासाई, तुर्काना, सोमाली, किनाऱ्यावरचे स्वाहिली आणि मिजिकेंडा. एकूण चाळीसहून अधिक समाज. निम्म्याच्या जवळपासही कुणी पोहोचत नाही. भाषाही एका घरातल्या नाहीत. किकुयु आणि कांबा बांटू कुळातल्या, लुओ, कालेनजिन आणि मासाई यांच्या नायलोटिक, सोमाली कुशिटिक. शेजारच्या दोन गावांतली माणसं आपापल्या भाषेत बोलली तर एकमेकांचं अवाक्षर कळणार नाही, असं इथे सहज घडतं. सगळ्यांना जोडणारी भाषा म्हणजे स्वाहिली. ती आतल्या भागातल्या कुठल्याच मोठ्या समाजाची मातृभाषा नसल्यामुळे तिच्याबद्दल कुणाच्या मनात अढी नाही.

ओळख घडायला सुरुवात होते ती नावापासून. लुओ मुलाचं नाव बहुधा जन्मवेळेवरून ठेवतात. रात्री जन्मला तर ओटिएनो, मुलगी असेल तर आटिएनो. ऊन असताना झाला तर ओचिएंग, पाऊस पडत असताना ओकोथ, संध्याकाळी ओधियाम्बो. किकुयुंची रीत वेगळी. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींनाही तसंच, पहिलीला वडिलांच्या आईचं आणि दुसरीला आईच्या आईचं. त्यामुळे किकुयु घरात आजोबांचं नाव घेऊन नातू अंगणात खेळत असतो आणि आजीशी बोलताना त्याला त्या नावाचा मानही मिळतो. मूल बोलू लागण्याआधीच त्याला कळतं की आपण एकटे नाही, आपल्या मागे कुणीतरी होतं आणि आपल्यातून पुढे कुणीतरी येणार आहे. कुणी उपदेश करत नाही, तरी मूल्य रुजतं.

माणूस मोठा कधी होतो, याचंही उत्तर समाजागणिक बदलतं. किकुयु, कालेनजिन, मासाई, लुह्या यांच्यात मुलाची सुंता आणि त्यासोबतचा दीक्षाविधी झाला की तो पुरुष. त्या वेळी ज्यांची दीक्षा एकत्र होते ते जन्मभराचे सवंगडी ठरतात. कालेनजिनांमध्ये अशा वयोगटांची नावं ठरलेली आहेत, माइना, चुमो, सावे, कोरोंगोरो अशी, आणि ती पिढ्यांमागून पिढ्या चक्रासारखी फिरून येतात. पुढे माणूस शिक्षक होवो की खासदार, आपल्या वयोगटातल्या माणसाची हाक त्याला टाळता येत नाही. लुओंमध्ये मात्र सुंतेची परंपरा नव्हती. त्यांच्याकडे खालचे सहा दात काढण्याची रीत होती, ती आता जवळपास गेली. हा फरक वरवर किरकोळ वाटेल. पण तुमच्यात पुरुष कसा होतो, हा प्रश्न पुढे राजकारणात शिवी म्हणून वापरला गेला, लुओ पुढाऱ्यांना ‘पोरं’ म्हणून हिणवलं गेलं, आणि निवडणुकीनंतर उसळलेल्या २००८ च्या दंगलींत काही लुओ पुरुषांवर जबरदस्तीने सुंतेचे अत्याचार झाले. एका समाजाचा पवित्र विधी दुसऱ्यावर चालवायचं हत्यार होतो, तेव्हा किती खोल जखम होते हे त्यातून दिसलं.

आता न्यालगुंगाकडे येऊ. कुळाचे लोक हट्टाला पेटले होते एवढंच म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. लुओ रीतीत पुरुषाने जागा विकत घेऊन बांधलेली वास्तू म्हणजे त्याचं घर नव्हे. नवं घर वसवायचं तर वडील किंवा त्यांच्या जागी असलेला वडीलधारा माणूस सोबत यावा लागतो. कोंबडा, कुऱ्हाड आणि विस्तव नेऊन, पत्नी आणि थोरला मुलगा यांच्यासह ती जागा विधिपूर्वक घ्यावी लागते. ओटिएनोंनी नैरोबीकडे हे केलेलं नव्हतं. म्हणून कुळाच्या लेखी तिथली वास्तू कितीही मोठी असली तरी ती राहण्याची सोय होती, आणि माणसाला पुरायचं ते घरात, सोयीच्या जागेत नव्हे. परक्या जमिनीत पुरलं तर मृतात्मा अस्वस्थ राहील आणि मागे राहिलेल्यांना, विशेषतः मुलाबाळांना, त्रास होईल ही भीती त्यांना होती आणि त्यांनी ती न्यायालयात उघडपणे सांगितली. नैरोबी विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हेन्री ओडेरा ओरुका यांनी लुओ रूढींचे जाणकार म्हणून साक्ष दिली. केनियातल्या खेड्यांत जाऊन, विचार करणाऱ्या वृद्धांशी दीर्घ संवाद करून त्यांनी दाखवून दिलं होतं की रूढी पाळणारे सगळेच त्या डोळे मिटून पाळत नाहीत. गावात बसून रूढीला प्रश्न विचारणारेही असतात. अशा माणसाने साक्ष द्यावी यावरून लक्षात येतं की हा अडाणी आणि शिकलेले यांच्यातला झगडा नव्हता.

वाम्बुईंची बाजूही तेवढीच भारी होती. त्या किकुयु, प्रसिद्ध वायाकी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज वायाकी वा हिंगा यांनी ब्रिटिशांना विरोध केला आणि १८९२ मध्ये कैदी म्हणून किनाऱ्याकडे नेत असताना किब्वेझीला त्यांचा मृत्यू झाला. स्वतः वाम्बुईंनी तरुणपणी ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावासाठी काम केलं, तुरुंगवास भोगला. १९६३ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, त्यांनी ओटिएनोंशी लग्न केलं ते कायद्याने आणि ख्रिस्ती रीतीने. लुओ पुरुष आणि किकुयु स्त्री, नव्या देशाचं नवं कुटुंब. न्यायालयात त्यांनी सांगितलं की माझा नवरा आधुनिक माणूस होता, त्याला शेक्सपिअर आवडायचा, मुलं शहरात वाढली, गावच्या रूढींशी त्याचा संबंध उरला नव्हता, तेव्हा त्याच्यावर कुळाचा हक्क कसा? नवऱ्याने आपली इच्छा तोंडी सांगितली होती असंही त्या सांगत होत्या. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. उलट बाजूने, वडिलांशेजारी पुरावं असं ओटिएनोच बोलले होते, असं सांगणारा साक्षीदार उभा राहिला. तो गावचा कबर खणणारा होता.

निकाल कुळाच्या बाजूने लागला. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८७ मध्ये आणि अपील न्यायालयाने मे महिन्यात सांगितलं की माणूस किती शिकला, कुठे राहिला, कसा जगला यामुळे त्याचा समाज बदलत नाही. ओटिएनो जन्माने लुओ, म्हणून त्यांच्या दफनाला लुओ रूढी लागू. वाम्बुई त्या दफनाला गेल्या नाहीत.

माझ्या मते या निकालातली खरी चूक कबरीच्या जागेत नाही. न्यालगुंगाला दफन होण्यात काही वाईट नव्हतं. चूक या विधानात आहे की माणसाला आपल्या समाजातून बाहेर पडताच येत नाही. संस्कृती माणसाला घडवते हे खरं, पण त्यावरून ती त्याची मालक ठरत नाही. आणि आणखी एक गोष्ट त्या निकालाने गृहीत धरली, की रूढी म्हणजे काय हे सांगायचा अधिकार कुळातल्या वडीलधाऱ्या पुरुषांचाच. तेवीस वर्षं लुओ घरात सून म्हणून राहिलेल्या बाईला त्यात बोलायला जागा नव्हती.

शिवाय ज्याला आपण पुरातन म्हणतो ते किती पुरातन असतं? लुओ आपल्या माणसांना घराच्या अंगणात पुरत आले आहेत, ही परंपरा जुनी आहे. पण किकुयु आणि मासाई पूर्वी बहुतेकांना पुरतच नसत. मृत माणसाला रानात ठेवून येत आणि तरस त्याचा शेवट करत. दफन होई ते मानाच्या, मालमत्तेच्या वडीलधाऱ्यांचं. मिशनरी आले, वसाहतीचं सरकार आलं, तेव्हा सरसकट दफनाची रीत पसरली. आज किकुयु कुटुंबही आपल्या जमिनीत कबर असावी म्हणून आग्रह धरतं आणि ती रीत आपल्या पूर्वजांची मानतं. यात खोटेपणा नाही. दोन-तीन पिढ्या मनापासून पाळलेली गोष्ट खरीच होते. पण ती बदलून आली आहे, एवढं लक्षात ठेवलं तर पुढेही बदलू शकेल हे मान्य करणं सोपं जातं.

समाजांची नावंही अशीच. कालेनजिन हे नाव नांदी, किपसिगिस, केयो, तुगेन वगैरे जवळच्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी १९४० च्या दशकात एकत्र येऊन धारण केलं. किनाऱ्यावरच्या नऊ गटांना मिजिकेंडा म्हणायला सुरुवात झाली तीही त्याच सुमारास. त्याआधी माणसं नव्हती असं नाही, पण आपण सगळे एक, ही जाणीव त्या काळात घट्ट झाली. ब्रिटिशांनी प्रत्येक समाजासाठी राखीव प्रदेश आखले, आफ्रिकन पुरुषांना गळ्यात ओळखपत्र अडकवायला लावलं, आणि सुपीक डोंगराळ जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना दिली. पूर्वी मासाई आणि किकुयु लढतही आणि एकमेकांत लग्नंही करत. दुष्काळात एका समाजाची माणसं दुसऱ्यात जाऊन मिसळत. आता सरकारी कागदावर प्रत्येकाचा एकच रकाना ठरला.

मग जमिनीच्या मालकीचे कागद आले. १९५४ पासून वसाहत सरकारच्या स्विनर्टन योजनेखाली किकुयु भागात सामायिक जमिनी वैयक्तिक नावावर लावायला सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. तेव्हापासून कबरीला आणखी एक अर्थ आला. कागद हरवतात, बदलतात, विकत मिळतात. पण आजोबा इथे पुरलेले आहेत हे सांगितलं की गावात कुणी नाही म्हणत नाही. केनियातल्या जमिनीच्या वादांत कबर हा पुरावा म्हणून दाखवला जातो, आपल्याकडे सातबाऱ्यावरची जुनी नोंद काढून दाखवावी तसा. म्हणून दफन कुठे, या भांडणात भावनाही असते आणि वारसाहक्कही असतो. केवळ भावना पाहणारा आणि केवळ स्वार्थ पाहणारा, दोघांनाही अर्धंच दिसतं.

हेच धागे राजकारणात ताणले की काय होतं ते २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दिसलं. निकालावरून वाद पेटला, आणि रिफ्ट खोऱ्यात जुन्या जमिनींच्या तक्रारी समाजांच्या नावाने उफाळून आल्या. अकराशेच्या वर माणसं मेली, लाखो बेघर झाली. नाव विचारून, भाषा बोलायला लावून माणसं वेगळी काढली गेली. जन्मवेळेवरून प्रेमाने ठेवलेलं नाव रस्त्यावरच्या अडथळ्यापाशी जीवघेणं ठरलं. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने समझोता झाला. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय एकात्मता कायद्याने सांगितलं की कुठल्याही सरकारी संस्थेत एका समाजाचे एक-तृतीयांशापेक्षा जास्त कर्मचारी असू नयेत. प्रत्यक्षात ते फार ठिकाणी पाळलं जात नाही, तरी निदान मोजायला एक माप मिळालं.

पण केनियातली संस्कृती फक्त अशा प्रसंगांतून पाहिली तर त्या लोकांवर अन्याय होईल. शुक्रवारी संध्याकाळी नैरोबीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. छतावर शवपेटी बांधलेली, आत नातेवाईक, शेजारी, कचेरीतले सहकारी, चर्चमधली मंडळी. शनिवारी दफन, रविवारी परत. कुणी गेलं की दुसऱ्याच दिवशी समिती बसते. वर्गणी कोण किती देणार, मंडप कुणाचा, जेवण किती माणसांचं, गाड्या किती, सगळं ठरतं. वर्गणी काढून एकमेकांचं ओझं उचलण्याची ही पद्धत म्हणजे हरांबे, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी तीच हाक देशाचं ब्रीद केली. स्वातंत्र्यानंतर असंख्य शाळा लोकांनी अशाच वर्गणीतून बांधल्या. २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू झाली आणि वर्गणी गावाच्या सीमा ओलांडून गेली. लंडनमधला भाचा काकाच्या दफनाला येऊ शकत नाही, पण त्याचं नाव आणि रक्कम व्हॉट्सॲप गटात सगळ्यांना दिसते. नातेवाईक म्हणून असलेलं कर्तव्य इथे दिसायला लागतं आणि मोजलंही जातं.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्ताही वाचण्यासारख्या असतात. गेलेल्या माणसाचे भाऊ, मुलं, सुना, जावई, पुतणे यांची नावं आणि पुष्कळदा ते कुठे नोकरी करतात तेही छापलेलं असतं. माणूस किती माणसांत गुंफलेला होता हे त्यातून सांगायचं असतं. या मूल्याचा भारही मोठा आहे. दफनासाठी कर्ज काढणारी, जनावर विकणारी कुटुंबं आहेत, आणि त्याच माणसाच्या औषधपाण्याला तेवढे पैसे उभे राहिले नव्हते, ही खंत केनियन लोक स्वतःच बोलून दाखवतात.

या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. बहुतेक समाज पितृवंशी; जमीन बापाकडून मुलाकडे. मुलगी लग्न होऊन जाणार म्हणून तिला वाटा नाही, आणि नवऱ्याच्या घरी ती सून म्हणून, स्वतःच्या हक्काने नाही. लुओंमध्ये विधवेने दिराच्या किंवा कुळातल्या दुसऱ्या पुरुषाच्या आधाराला जायचं अशी रीत होती. तिचा मूळ हेतू बाई आणि मुलं निराधार होऊ नयेत असा. पण एड्सच्या काळात याच रीतीने अनेक जीव घेतले, आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बायकांनीच तिच्याविरुद्ध आवाज उठवला. २००५ मध्ये रोनो विरुद्ध रोनो या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की मुलींना वारसा नाही ही रूढी समानतेच्या तत्त्वापुढे टिकणार नाही. ओटिएनो खटल्यानंतर १८ वर्षांनी त्याच पायरीच्या न्यायालयाने रूढीला दिलेलं हे उत्तर होतं.

मात्र रूढी म्हणजे नेहमी बाईला दाबणारी, असंही सरळ समीकरण मांडता येत नाही. नांदी, किसी, कांबा समाजांत मूल नसलेली वयस्क बाई वधूमूल्य देऊन तरुण बाईशी लग्न करू शकते. तिला समाजात पतीचं स्थान मिळतं, त्या घरात जन्मलेली मुलं तिच्या नावाची ठरतात आणि तिची जमीन त्यांना जाते. २०११ मध्ये मोम्बासाच्या उच्च न्यायालयाने अशा घरातला वारसा मान्य केला. घराण्याचं नाव चालू राहावं या पितृवंशी आग्रहातूनच ही वाट निघाली आहे. आपण बाहेरून पाहणारे ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ असे दोन गठ्ठे बांधतो, त्यांत ही बाई कुठेच बसत नाही.

२०१० च्या राज्यघटनेने हा ताण लपवला नाही. कलम ११ म्हणतं की संस्कृती हा राष्ट्राचा पाया आहे. कलम ४४ प्रत्येकाला आपली भाषा आणि संस्कृती जगण्याचा हक्क देतं, आणि लगेच पुढे बजावतं की कुणालाही कुठलीही सांस्कृतिक प्रथा पाळायला भाग पाडता येणार नाही. मला हे दोन्ही शेजारी शेजारी असणं फार महत्त्वाचं वाटतं. अलीकडच्या दफनाच्या खटल्यांत न्यायालयं मृताच्या सर्वांत जवळचं कोण होतं हे पाहतात, आणि पती-पत्नीच्या नात्याला पुष्कळदा पहिलं स्थान देतात. मृताची इच्छा कायद्याने बंधनकारक नसली तरी ती विचारात घेतली जाते.

काहींनी तर न्यायालयाची वाट पाहिली नाही. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या वांगारी माथाई २०११ मध्ये गेल्या. आयुष्यभर झाडं लावणाऱ्या या बाईने सांगून ठेवलं होतं की माझ्यासाठी लाकडाची पेटी करू नका. बांबू, पपायरस आणि जलपर्णीपासून पेटी बनवली आणि त्यांच्यावर दहनसंस्कार झाला. किकुयु समाजात दहन तेव्हा फारच दुर्मीळ होतं, त्यामुळे चर्चा खूप झाली. उलट विद्वान अली मझरुई आयुष्याचा मोठा भाग अमेरिकेत राहूनही २०१४ मध्ये मोम्बासाच्या मातीत, फोर्ट जीझसजवळच्या घराण्याच्या दफनभूमीत परतले. आफ्रिका ही मूळची आफ्रिकन, इस्लामी आणि पाश्चात्त्य अशा तिहेरी वारशातून घडली, हे त्यांनी जगाला समजावलं होतं, आणि ते स्वतः वाढले तो स्वाहिली किनारा याचं चालतंबोलतं उदाहरण होता.

आपल्या गोव्याशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पियो गामा पिंटो यांचा जन्म १९२७ मध्ये नैरोबीत, गोमंतकीय कुटुंबात झाला. शिक्षण भारतात. गोवामुक्तीच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि मग केनियात परतून तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९५४ ते १९५९ ते स्थानबद्धतेत होते. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचे जिवलग मित्र जोसेफ मुरुम्बी यांचे वडील गोमंतकीय आणि आई मासाई. भारतात शिकलेल्या या माणसाने आईकडच्या घराण्याचं नाव घेतलं आणि १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पितृवंशाच्या हिशेबाने ते मासाई ठरत नव्हते. त्यांनी ते नातं निवडलं. १९९० मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दफन नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, पिंटोंच्या कबरीच्या शक्य तितक्या जवळ झालं. न कुळाची जमीन, न वडिलांचं गाव. एका मित्राचा शेजार. २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाचा ४४ वा समाज म्हणून मान्यता दिली. रेल्वे बांधायला १८९६ ते १९०१ दरम्यान ब्रिटिश भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, त्यांतले काही तिथेच राहिले. पुढे व्यापारी, कारकून, शिक्षक आले. पिंटो आणि मुरुम्बी मात्र अशा कुठल्या राजपत्राआधीच तिथले झाले होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माजी पंतप्रधान राइला ओडिंगा यांचं केरळमध्ये उपचार घेत असताना निधन झालं. सुमारे वीस वर्षं ते नैरोबीच्या किबेरासारख्या सर्व समाजांच्या वस्तीचा समावेश असलेल्या मतदारसंघाचे खासदार होते, आणि देशभर त्यांना मानणारे लोक होते. दफन झालं ते बोंडोला, सियायामध्ये, वडील जारामोगी ओगिंगा ओडिंगा यांच्या जवळ. या वेळी कुणी न्यायालयात गेलं नाही. घराणं, चर्च आणि सरकार, तिन्हींचे विधी एकाच ठिकाणी पार पडले.

पण पुढची पिढी वेगळं काही मांडते आहे. नैरोबीच्या वस्त्यांत वाढलेली मुलं शेंग बोलतात, स्वाहिलीत इंग्रजी आणि दहा भाषांचे शब्द मिसळून बनलेली. जून २०२४ मध्ये करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध ती रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांनी स्वतःला जमातीविना, पक्षाविना, नेत्याविना म्हणवलं. २५ जूनला संसदेपाशी गोळीबार झाला, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. त्या दिवसांत या मुलांनी आपली संस्कृती टाकून दिली होती असं मला वाटत नाही. खेड्यातल्या आजी-आजोबांना विधेयकात काय लिहिलंय ते कळावं म्हणून त्यांनी आपापल्या मातृभाषांत चित्रफिती बनवल्या, आणि जखमींच्या उपचारांसाठी, मेलेल्यांच्या दफनासाठी मोबाइलवरून वर्गणी काढली. कुठल्या समाजाचा जखमी, हे विचारून नव्हे.